बॅटऱ्या मारणारे पटले काकाजी

झनकलाल पटले या एका माणसाने माझ्या डोळ्यांदेखत सहा बॅटऱ्या मारल्या, आणि दर वेळी दोष बॅटरीचाच काढला. "कंपनीच बेकार आहे गौतम," म्हणायचे. कंपनी बदलून दिली तरी तेच. आमगावात माझं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, डीजेवाल्यांच्या, घरच्या इन्व्हर्टरच्या, साऱ्या बॅटऱ्या शेवटी माझ्याकडे येतात. वय होऊन मेलेली बॅटरी मला क्वचित दिसली. बाकीच्या मालकांनी मारलेल्या असतात, आणि मारायचं हत्यार म्हणजे कुठून तरी स्वस्तात उचललेला चार्जर. तीन पैशांच्या अकलेचा चार्जर लावायचा आणि बॅटरी गेली की माझ्या काउंटरवर हात आपटायचे, ही आमच्याकडची रीतच आहे. पण पटले काकाजींइतक्या निष्ठेने बॅटरी मारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

काकाजी आमगावजवळच्याच एका खेड्यातले पोवार शेतकरी. सत्तरीला आलेले, ओलिताची चांगली जमीन, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. आवाज असा, की दुकानाबाहेरून "गौतम!" म्हणाले की पलीकडच्या पानठेल्यावर बसलेला दुसरा एक गौतमही उठून उभा राहायचा. माझा बाप त्यांच्याकडे रोवणीला आणि कापणीला जायचा. लहानपणी मी त्या घराला बाहेरूनच पाहिलं होतं. आता ते माझ्या दुकानात बाकावर बसायचे आणि मी खुर्चीवर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर जे तोंडसुख घेतलं त्यात याचाही वाटा होता. नव्हता म्हणालो तर ते खोटं होईल.

त्यांना बॅटऱ्या लागायच्या त्या गाडीतल्या घरासाठी. एका शाळेची जुनी मिनीबस त्यांनी विकत घेतली होती. सीटा काढून आत पलंग बसवला, पंखा लावला, गॅसची शेगडी ठेवली, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले. गाव हसलं. म्हातारपणी फिरायची हौस आली म्हणे! पण हौस काकाजींची नव्हती. त्यांची बायको, सुगनकाकी, यांची छाती चुलीच्या धुराने पार गेली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजनची मशीन दिली होती. ती घरातल्याच हवेतून ऑक्सिजन ओढते आणि नळीने नाकात सोडते, पण विजेवर चालते. त्यामुळे काकी एका खोलीच्या, खरं म्हणजे एका प्लगच्या कैदी झाल्या होत्या.

आणि काकींना धारला जायचं होतं. पोवारांचे पूर्वज माळव्यातून आले, धारहून आले, हे त्यांच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ऐकवतात. लग्नात धारचं नाव निघतं, देव्हाऱ्यासमोर निघतं. काकी म्हणायच्या, "जिंदगीभर नावच ऐकून राहिली मी. एक डाव तिथल्या देवीच्या पायरीवर बसाचं आहे, बस." म्हणून ती बस. गाडी थांबेल तिथे मशीन चालावी म्हणून पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या. त्या बॅटऱ्या धड राहिल्या तर काकी धारला जाणार, नाही राहिल्या तर नाही. इतकी साधी गोष्ट होती.

आणि एवढ्या साध्या गोष्टीची या माणसाने काय दशा केली ते ऐका.

पहिली जोडी घेऊन तीन महिने झाले नसतील, की हे दारात हजर. "मेल्या दोन्ही," म्हणाले, आणि बॅटरीवर बोटाने टकटक करून दाखवलं. ही त्यांची खोडच होती. डांगर पिकलं का पाहावं तसे ते बॅटरी वाजवून पाहायचे आणि आवाजावरून निदान करायचे. मी झाकणं उघडली. आतल्या प्लेटा उघड्या पडलेल्या, वाकलेल्या, वर पांढरा क्षार.

"यात पाणी टाकलं होतं का?"

"टाकलं ना. विहिरीचं. आमची विहीर बहुत गोड आहे."

"काकाजी, बॅटरी काय पाहुणी आली आहे का, तिले गोड पाणी पाजाले? डिस्टिल वॉटर लागते."

"पाणी तं पाणीच होय बाबू."

पण पाणी आटलंच कसं, हे पाहायला मी त्यांच्या घरी गेलो आणि कपाळाला हात लावला. गोंदियातल्या कोण्या वेल्डिंगवाल्याकडून चार्जर बनवून घेतला होता. लोखंडी डबा, आत एक ट्रान्सफॉर्मर, बाहेर दोन चिमटे. बॅटरी भरली की थांबायचं, ही अक्कल त्या डब्यात नव्हती. त्यावर कडी म्हणजे काकाजींनी त्याला मोटरपंपाचा ऑटो जोडला होता. आमच्याकडे शेतातल्या लाईनीचा भरवसा नसतो, म्हणून पंपाला ऑटो लावून ठेवतात. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, भरली तरी मोटर चालूच राहते, पाणी धुऱ्यावरून खालच्या बांधीत उतरतं, तिथून शेजाऱ्याच्या. धानाला पाणी जास्त झालं म्हणून कोणी रडत नाही. काकाजींनी आयुष्यभर तेच केलेलं. बॅटरीही त्यांच्या लेखी एक बांधीच होती.

"लाईन आहे तवरिक भरून घ्यावं," ते मला समजावून सांगायला लागले. मला! "भरलेली बांधी कोनाले जड होत नाही."

"ही बांधी नाही, काकाजी. हे पातेलं आहे. भरल्यावरही आच लावून ठेवली तर उकळून उकळून कोरडं होईल, मंग जळेल."

त्यांनी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि घरी जाऊन स्वतःच्या मनाचंच करायचे.

नवी जोडी बसवून दिली. तो डबा फेकून द्या म्हणून सांगितलं. त्यांनी ऑटो तेवढा काढला, डबा ठेवला. "चांगला लोखंडाचा डबा, फेकावं कायले?" आणि मग एका सोमवारी काकींना घेऊन गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाला गेले. गाडीची परीक्षा घ्यायला. देवळाजवळ ओळखीच्या एका माणसाच्या घरून वायर ओढली, डबा लावला आणि काकींना गाडीत ठेवून हे दर्शनाला गेले. परत आले तर सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास. लोक नाकाला रुमाल लावून उभे. देवळासमोर अंडी कोणी फोडली म्हणून बोंबाबोंब सुरू झालेली. आणि त्या बोंबलणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? पटले काकाजींचा! "अरे, देवाच्या दारात तरी लाज धरा! कोन होय तो, समोर ये!" पाव तास या माणसाने पंचायत भरवली. शेवटी गाडीतून काकींचा बारीक आवाज आला, "अजी, वास आपल्याच पलंगाखालून येऊन राहिला."

मला फोन आला. मी मोटरसायकल हाणत गेलो. बॅटऱ्यांना हात लावता येत नव्हता इतक्या तापलेल्या, पोटं फुगलेली. काकी त्या घराच्या ओट्यावर बसलेल्या, नळी काढलेली, ओठ निळसर. मी आधी घरमालकाच्या प्लगवर मशीन लावली, मग काकाजींकडे वळलो. चारचौघांत जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. उकळत्या बॅटरीतून जो गॅस निघतो तो पेट घेतो, आणि तेव्हा वर ऑक्सिजनची नळी चालू होती. एखादी उदबत्ती पुरे होती. काकाजी दुपट्ट्याचं टोक पिळत उभे राहिले. नंतर म्हणाले, "कंपनीच बेकार निघाली."

आता या माणसाला काय म्हणावं?

डबा मी स्वतः उचलून आणला आणि भंगारात दिला. तर हे महाशय गोंदियाला जाऊन नवा चार्जर घेऊन आले. मला न विचारता. प्लास्टिकचा, चकचकीत, तीन रंगांचे लाईट. दुकानदाराने सांगितलं म्हणे, स्मार्ट आहे, हिरवा लाईट लागला की बॅटरी फुल. त्यांचा हिरवा लाईट अर्ध्या तासात लागायचा. एवढी मोठी बॅटरी अर्ध्या तासात भरते हे खरं मानायला माणूस किती भोळा पाहिजे! बॅटऱ्या अर्धपोटीच राहायच्या. बॅटरीला जास्त खाऊ घालून मारता येतं तसं उपाशी ठेवूनही मारता येतं. प्लेटांवर पांढरा थर बसतो, दगडासारखा, आणि मग ती काही घेत नाही, काही देत नाही. दुसरी जोडी नागऱ्याला अर्धमेली झालीच होती, ती या हिरव्या लाईटने पुरती गेली.

मी तो स्मार्ट चार्जर त्यांच्यासमोर पेचकसाने उघडला. आत बोटभर सर्किट, आणि हाताला वजन लागावं म्हणून खाली चिकटवलेली लोखंडाची एक पट्टी. दुकानातले सगळे पोट धरून हसले. काकाजींनी ती पट्टी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"पन लाईट तं हिरवाच लागत होता ना," म्हणाले.

हे वाक्य मी सोडलं नाही. येईल त्याला सांगायचो. गोड विहीर, नागऱ्याची अंडी आणि हिरवा लाईट, हा माझा कार्यक्रमच होऊन बसला होता. चहा मागवायचा आणि सुरू करायचं. मी काकाजींचा आवाजही काढायचो, दुपट्टा झटकून दाखवायचो. लोक खास ऐकायला यायचे. ज्याच्या दारात माझा बाप उभा राहायचा त्याच्यावर माझ्या दुकानात हसू फुटतं, याची मला मजा येत होती.

एक दिवस काकी स्वतः आल्या. बस दुकानासमोर उभी केली, माझ्याकडून वायर ओढून मशीन लावली आणि काकींनी मला आत बोलावलं. फार बोलवत नव्हतं. दोन शब्द, मग दम, मग दोन शब्द.

"गौतम, त्यायले शिव्या दे. पोटभर दे. पन मले धारले पोहचव."

त्यानंतर मी ते काम मनावर घेतलं. वास न सोडणाऱ्या, पाणी न मागणाऱ्या बंद बॅटऱ्या आणल्या, आत जेल असलेल्या. चांगला चार्जर नागपूरहून मागवला. तो आधी दमदार भरतो, मग हात आखडतो, आणि पोट भरलं की नुसता सांभाळत बसतो. त्याला महिनाभर लावून ठेवा, बॅटरीच्या केसाला धक्का लागत नाही. फक्त त्याच्या मागे एक बारीक बटन होतं आणि बटनाजवळ तीन चित्रं, तीन जातींच्या बॅटऱ्यांची. जेलच्या बॅटरीला पाण्याच्या बॅटरीएवढा जोर दिला तर ती आतून फुगते, आणि मग तिचं काही करता येत नाही. मी बटन मधल्या चित्रावर ठेवलं, वर चिकटपट्टी लावली आणि म्हणालो, "याले हात लावाचा नाही. झालं."

काकाजींनी वाकून चार्जर पाहिला. मग म्हणाले, "म्हनजे बांधी भरली की हा आपल्या हातानं पाटाचं तोंड बुजवते."

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. माझ्या तोंडून मात्र निघालं, "वा! सत्तर वर्षं लागली, पन समजलं." बाकावरचे हसले. काकाजीही थोडे हसले.

जायचं ठरलं धान कापणी झाल्यावर. निघायच्या दोन आठवडे आधी ते दुकानात आले. मला तो दिवस नको तितका स्पष्ट आठवतो. बाकावर चार गिऱ्हाईकं होती आणि माझा कार्यक्रम रंगात आला होता, नागऱ्यापर्यंत पोहोचलो होतो. काकाजी दारात दिसले. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. उलट म्हणालो, "या या, प्रत्यक्ष महाराजच आले! काकाजी, तुमीच सांगा, अंडी कोनी फोडली?" हशा झाला. ते येऊन बसले. चहा आला, तो प्यायले. पेल्याकडे पाहत राहिले.

"काही काम होतं का?" मी विचारलं.

"नाही. असाच आलो होतो."

दुपट्टा सावरून उठले आणि गेले. मी पुढचा किस्सा सुरू केला.

ठरल्या दिवशी सकाळी बस निघाली. भाचा गाडी चालवायला, काकी पलंगावर उशांना टेकून, केसांत शेवंती. देवीला नेसवायचं लाल लुगडं पिशवीत. बालाघाटवरून शिवनी, पुढे नर्मदा ओलांडून इंदूर आणि मग धार, असा रस्ता. काकींनी खिडकीतून हात हलवला. मी मनात म्हटलं, गौतम, एक तरी काम चांगलं केलंस.

तिसऱ्या दिवशी बस परत दुकानासमोर.

शिवनीच्या पुढे एका ढाब्यावर मुक्काम केला होता. पाच तास चालायला पाहिजे ती मशीन तासाभरात कोकलायला लागली आणि बंद पडली. सोबतचं लहान सिलिंडर लावलं, तेही किती पुरणार! ढाबेवाला भला माणूस, त्याने आपल्या खोलीत प्लग दिला. काकी दिवसभर त्या खोलीत पडून राहिल्या. धार अजून कितीतरी लांब होतं. तिथूनच ते परत फिरले. नर्मदासुद्धा दिसली नाही.

मी पलंगाखालची पेटी उघडली. नव्या कोऱ्या जेलच्या बॅटऱ्या फुगून फाटायला आलेल्या. मग चार्जर पाहिला. चिकटपट्टी नव्हती. बटन पहिल्या चित्रावर, पाण्याच्या बॅटरीवर. निघायच्या आधी दोन आठवडे गाडी तशीच लावून ठेवलेली, माझ्याच सांगण्यावरून, महिनाभर लावलं तरी चालतं म्हणून.

माझं डोकं फिरलं. "कोनी हात लावला याले?"

काकाजी हळू आवाजात म्हणाले, "गाडी झाडून राहिलो होतो. तांदळाचं पोतं घासलं त्याले. पट्टी निघाली, बटन सरकलं. कोन्या चित्रावर होतं ते ध्यानात नाही आलं. मले पहिल्यावर वाटलं."

"वाटलं! अन् विचाराले काय झालं होतं? दुकान काय लंकेत आहे? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

 उत्तर काकींनी दिलं. प्लगची वायर नुकतीच ओढली होती, नळी नाकात होती, डोळे मिटलेले होते.

"विचारालेच आलते ते," त्या म्हणाल्या. दम घेतला. "तू अंड्याची गोष्ट सांगून राहिला होता."

बाकावर दोघं बसले होते, ते उठून निघून गेले. मी पेटीसमोर उकिडवा बसलो होतो, तसाच बसून राहिलो. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ज्याने सहा बॅटऱ्या मारल्या त्याला मी मूर्ख म्हणत आलो. पण शेवटच्या दोन त्याने एकट्याने मारल्या नव्हत्या. तो एकदाच, पहिल्यांदाच, शहाण्यासारखा विचारायला आला होता, आणि मी चहा पाजून त्याला परत पाठवला.

नव्या बॅटऱ्या मी दुसऱ्याच आठवड्यात बसवल्या. बटनावर पत्र्याचं झाकण स्क्रूने आवळलं. म्हणालो, या वेळी मी स्वतः सोबत येतो, काकीजींना पायरीवर बसवूनच परत आणतो. काकाजी हव म्हणाले. पण डॉक्टर नाही म्हणाले. त्या ढाब्याच्या दिवसानंतर काकींची तब्येत पुन्हा सावरलीच नाही. मी भेटायला जायचो. त्या मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. थंडी सरता सरता त्या गेल्या, त्याच खोलीत, त्याच प्लगजवळ.

काकाजी दुकानात यायचे बंद झाले. मीही ते किस्से बंद केले. कोणी आठवण काढली तर म्हणायचो, जुनं झालं ते.

उन्हाळ्यात एका सकाळी दुकानात चांगली गर्दी होती. ट्रॅक्टरवाले, डीजेवाला, पाचसहा जण. बस येऊन थांबली. भाचा गाडीवर होता. शेजारच्या सीटवर तीच लाल लुगड्याची पिशवी. काकाजी उतरले. वाळले होते, पण सदरा पांढराच, दुपट्टा खांद्यावर. दारातूनच, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत विचारलं, "गौतम! ते बटन कोन्या चित्रावर ठेवाचं?"

 डीजेवाल्याला ती सगळी गोष्ट माहीत होती, तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी पेचकस घेतला, उठलो, बसमध्ये चढलो. पलंगाखाली आडवा झालो, चारही स्क्रू काढले, झाकण उचललं. बटन मधल्या चित्रावर होतं. मीच आवळलेल्या पत्र्याखाली ते हलणार तरी कसं? झाकण परत लावलं आणि खाली उतरलो.

"बरोबर आहे काकाजी. मधल्यावरच आहे."

"मालूम आहे मले."

"मंग विचारलं काऊन?"

ते बसच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. "तू हासशीन का, एवढंच पाहाचं होतं," म्हणाले, आणि वर चढून भाच्याला म्हणाले, चल.